उजव्या पानावर, खाली

कुणी विश्वासाने पुस्तक तुमच्या हातात देऊन "वाच" म्हटलं, तर तुम्ही लिहिलेलं वाचता, की तुम्हाला पटेल ते?

साडेचार वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मी हसले असते. लिहिलेलंच वाचणार ना, दुसरं काय वाचणार? आणि तरी एका सकाळी मी तसं वाचलं नाही. ही गोष्ट मी कुठे लिहिलेली नाही, कुणाशी बोललेले नाही. एका व्यक्तीला मागच्या रविवारी सांगितली, ते शेवटी येईल. आधी थोडं मागे जाऊ द्या. थेट तिथे पोचायला मला जमत नाहीये.

मी पत्रकांवर वाढले. बाबा विमा कंपनीत अधिकारी. मी दुसरीत असताना अमरावतीहून जयपूरला बदली झाली आणि आम्ही मानसरोवरात राहायला आलो, ते तिथलेच झालो. ऑफिसातून आले की चहा घेऊन बाबा पत्रकं लिहायला बसत. अंगात येणं, उतारे, अंगारे-धुपारे, पत्रिकेतला मंगळ — एकेका गोष्टीवर एकेक पान. सांगानेरच्या एका कागदाच्या कारखान्यातून ते उरलेले तुकडे स्वस्तात आणायचे. हातकागद तो, त्यात गुलाबाच्या पाकळ्या दाबलेल्या असायच्या. अंधश्रद्धेविरुद्धचं पत्रक आणि त्यावर गुलाबाच्या पाकळ्या! मराठी मंडळाच्या गणपतीत मी ती वाटायला उभी राहिले की लोक प्रसाद समजून दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि मग वाचायला लागायचे. त्यांचे चेहरे बघायला मला फार आवडायचं.

मराठी मी या पत्रकांमधूनच शिकले. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भांडणंसुद्धा हिंदीत. कच्चा मजकूर बाबा माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, पुढे पुढे मलाच लिहायला लावायचे, आणि मी लिहिलेल्या पानावर लाल पेनाने गोल काढायचे. प्रत्येक गोलात एक हिंदी शब्द पकडलेला. "कोशिश मराठीत येत नाही, प्रज्ञा. तिला दाराबाहेर ठेव." मोठी झाले तसे गोल कमी झाले. मी स्वतः पत्रकं लिहू लागले, मग लेख. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांना बोलावत नाहीत म्हणून मी मंडळात एवढं भांडले होते, की पुढच्या वर्षी सगळ्यांना बोलावणं गेलं. तोंडाळ आहे पण खोटं बोलत नाही, अशी माझी ख्याती होती. ही ख्याती लक्षात ठेवा. पुढे ती फार वाईट कामाला आली.

बाबांच्या एका पत्रकाची शेवटची दोन वाक्यं कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू नका. जे पाहिलं ते लपवू नका. परीक्षेच्या सकाळी, कॉलेजात प्राचार्यांसमोर उभं राहायच्या दिवशी, पहिल्या नोकरीत साहेबांना नाही म्हणायचं होतं तेव्हा — कपाट उघडायचे, दोन ओळी वाचायचे, कपाट बंद करायचे. पाठ सरळ व्हायची. कपडे काढायचं नुसतं निमित्त. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटतच नव्हतं. मी त्याला विचार म्हणायचे.

आणि विमलकाकू जे करायच्या त्याला मी श्रद्धा म्हणायचे. जराशा हसून.

विमलकाकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळच्या सांगलीच्या, काका बँकेत होते. निवृत्तीनंतर काकांनी इथेच घर घेतलं आणि दोन वर्षांत ते गेले. मुलगा, निखिल, पुण्यात. काकूंकडे एक पुस्तक होतं, सासूबाईंनी दिलेलं, खाकी कव्हर घातलेलं. कुणा एका साधूंच्या पत्रांमधली वचनं होती त्यात. साधी, गद्य, दोन-दोन तीन-तीन ओळींची. त्या त्याला नाव घेऊन बोलावत नसत. नुसतं "पुस्तक". रोज सकाळी आंघोळ झाली की डोळे मिटून ते उघडायचं, बोट ठेवायचं, बोटाखालचं वचन वाचायचं. तेवढंच. ते त्या दिवसाचं. मग दिवसभर भाजी निवडताना, दूधवाल्या भैयाशी घासाघीस करताना ते त्यांच्या तोंडात घोळत असायचं. काका गेले त्या वर्षात त्या याच्यावर उभ्या राहिल्या. माझ्या देखत. तेव्हासुद्धा मला वाटायचं, एवढी खमकी बाई, आणि सकाळ एका बोटाच्या भरवशावर?

माझं कपाट मला आठवलं नाही. कुणाला आपलं आठवतं?

त्या हिवाळ्यात काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू वाढलेला, एका डोळ्याचं झालं, दुसरा तसाच पिकलेला. काही आठवडे वाचायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं. मी दुपारी सी-स्कीममधल्या ऑफिसात जायचे, सकाळी मोकळी असायचे. काकूंनी हाक मारली. "प्रज्ञे, पाच मिनिटं येशील का गं? मी बोट ठेवते, तू वाच. तुझा विश्वास नसला तर नसू दे, वाचायला काय लागतं? डोळे लागतात."

मी गेले. दहा-बारा दिवस जे होतं ते वाचलं, अगदी प्रामाणिकपणे. काही वचनं चांगली होती, हे मी त्यांना कधी म्हटलं नाही.

मग निखिलचा फोन आला. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. आईने पुण्याला यावं, कायमचं यावं, इथलं घर विकून टाकावं, असं त्याचं म्हणणं. वाईट मुलगा नाही तो. काळजीनेच म्हणत होता. काकूंचं दोन दिवस ठरेना. जावंसंही वाटत होतं आणि जावंसं वाटतही नव्हतं. आपल्या हातांनी लावलेल्या घरातून उठून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात विचारून डबे उघडायचे — एवढंच एकदा म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर काळा चष्मा लावून, पाटावर ताठ बसलेल्या. "आज नीट वाच हं," म्हणाल्या. "आज मी विचारून बोट ठेवणार आहे."

बोट उजव्या पानावर पडलं. अगदी खाली. तिथे लिहिलं होतं — मला ते अक्षरन्‌अक्षर पाठ आहे — "आधार गेलेल्या स्त्रीने मुलाच्या घरी शांतपणे राहावे. तेच तिचे देवघर."

माझं डोकं सणकलं. कोण हा माणूस, किती वर्षांपूर्वी कुणाला पत्र लिहिताना हे लिहून गेलेला, आणि आज मानसरोवरातल्या एका बाईने त्यावर घर सोडायचं? हे सगळं मी म्हणू शकले असते. ओळ वाचून दाखवून, पुस्तक मिटून, समोर बसून भांडू शकले असते. भांडण्यासाठीच तर मी प्रसिद्ध होते. पण काकू वाट बघत होत्या, काळ्या चष्म्याआडून, मान किंचित वर करून. आणि मी वाचल्याच्या सुरात म्हणाले, "आहेस तिथेच राहा. धैर्य ठेव. वाट इथूनच आहे."

झालं. तीन छोटी वाक्यं. पत्रकं लिहून लिहून हात बसला होता ना.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती बचाव म्हणून घेऊ नका. मला त्यांना फक्त थांबवायचं होतं. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीपाशी रांग लागायची, ढकलाढकली व्हायची, आणि बाई ओरडायच्या, "बच्चों, धैर्य रखो." धैर्य म्हणजे माझ्या डोक्यात ते होतं — कळ काढा, आपली पाळी येईल. डोळे बरे होईपर्यंत थांबा, एवढंच मला म्हणायचं होतं. काकूंनी मराठीत ऐकलं. मराठीत धैर्य म्हणजे हिंमत. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला, मग उठून चाचपडत फोनपाशी गेल्या आणि निखिलला सांगून टाकलं. येणार नाही. बाळंतपणाला येईन, राहायला येणार नाही. घर विकायचं नाही.

मी तिथेच बसले होते. तेव्हा बोलता आलं असतं. फोन ठेवल्यावर बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी.

निखिलला ते लागलं. "आमच्यापेक्षा एक ओळ मोठी झाली तुला," असं तो म्हणाल्याचं काकूंनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्या चक्क हसल्या, कारण ओळ त्यांच्या बाजूने होती. पुढे दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच सुमारास आलं, म्हणून बाळंतपणालाही जाणं झालं नाही. नात झाली. आता चार वर्षांची आहे. फोनवर काकूंना "नमस्ते आजी" म्हणते आणि खेळायला पळते. निखिल वर्षातून एकदा येतो, दोन दिवस राहतो, पाहुण्यासारखा. दुसरी बाजूही आहे: काकू इथे एकट्या मजेत राहिल्या, रविवारी मंडळातल्या मुलांना मराठी शिकवू लागल्या, सांगानेरला जाऊन ठशांचं छापकाम शिकून आल्या, घरातला प्रत्येक पडदा स्वतः छापला. मग झालं ते बरं झालं की वाईट? वर्षानुवर्षं हा प्रश्न मी उगाळला. उगाळायला सोयीचा होता, कारण त्याला उत्तर नाही, आणि उत्तर नाही तोवर मला गप्प बसता येत होतं.

पण मी जे केलं त्याचा खरा भाग अजून आलेलाच नाही.

डोळे बरे झाल्यावर काकूंनी पहिलं काय केलं असेल? ती ओळ शोधली. साहजिकच आहे. जिने आयुष्य ठरवलं ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघावीशी वाटणारच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मिळाली नाही. मला हाक मारली. "कुठं होती गं ती? काही आठवतं?"

आणि मी म्हणाले, "उजव्या पानावर होती, काकू. खाली."

का म्हणाले? खोट्याला थोडा खरा टेकू दिला की ते उभं राहतं म्हणून? की काहीतरी खरं बोलायची माझीच गरज होती? मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की त्यानंतर काकू भिंग घेऊन फक्त उजवी पानं वाचू लागल्या. खालच्या ओळी. मी जिन्यावरून जाताना खिडकीतून दिसायच्या — पान उलटायच्या, डावं सोडायच्या, उजव्याच्या तळाशी भिंग न्यायच्या. त्या खऱ्या ओळीवरून त्यांचं भिंग किती वेळा गेलं असेल. आणि मी जिना चढत होते.

मग त्यांनी आपल्या परीने उलगडा केला. ती ओळ पुस्तकात नव्हतीच. त्या दिवसापुरती, त्यांच्यासाठी उमटली होती. मंडळातल्या भजनाच्या बायकांना त्यांनी सांगितलं, आणि बायका माझ्याकडे आल्या. "तूच वाचलीस ना? होती ना तिथे?" मी "हो" म्हणाले. इतक्या सोप्या शब्दाला किती वेळ लागणार? त्यातली एकजण दुसरीला म्हणाली, "अगं, प्रज्ञा म्हणते म्हणजे असणारच. ती तर देवसुद्धा मानत नाही. ती कशाला खोटं बोलेल?"

चमत्काराला साक्षीदार लागतो. बाबांच्या किमान दहा पत्रकांत हे वाक्य आहे — चमत्कार ऐकलात की आधी विचारा, पाहिलं कुणी? मी त्या पत्रकांची पहिली वाचक. आणि आमच्या मंडळाच्या एकमेव चमत्काराची एकमेव साक्षीदार. तो पक्का झाला तो माझ्या नास्तिकपणाच्या जोरावर.

बाबांच्या कानावर गेलंच. त्यांनी मला काही विचारलं नाही. काकूंकडे गेले, पुस्तक मागून आणलं आणि दोन रविवार बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. जन्मात असलं पुस्तक हातात न धरलेला माणूस, खिशाला लाल पेन, टोपण न काढता. दुसऱ्या रविवारी जेवताना म्हणाले, "नाही कुठे." आईने भाकरी वाढली. थोड्या वेळाने, आमटीकडे बघत म्हणाले, "मराठीत धैर्य धरतात. ठेवत नाहीत. ठेवतात ते हिंदीत."

मी मान खाली घालून जेवले. त्यांनी पुढे काही म्हटलं नाही, आजतागायत नाही. पण त्या दिवसानंतर बाबांनी मला एकाही पत्रकाचा कच्चा मजकूर वाचायला दिलेला नाही. स्वतःच लिहितात, स्वतःच तपासतात. मी कपाटाच्या दाराची चिठ्ठी नखांनी खरवडून काढली. पाकळीचा एक तुकडा अजून तिथे चिकटलेला आहे.

आणि काकूंचं काय झालं? त्या रोज बोट ठेवत राहिल्या, पण आता पुस्तकात जे होतं ते त्यांना पुरेना. एकदा तुमच्यासाठी ओळ उमटली, की छापलेल्या ओळी फिक्या होतात. तशी पुन्हा उमटेल म्हणून त्या वाट बघत होत्या. उमटली नाही. मग म्हणू लागल्या, माझंच काही चुकत असेल, मन पूर्वीसारखं स्वच्छ राहिलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी पुस्तक कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवून दिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "बोलत नाही गं ते आता माझ्याशी."

लोकांनी असली पुस्तकं मिटावीत म्हणून मी लहानपणापासून कागद वाटले. एकीने मिटलं. कशाने मिटलं ते तुम्हाला आता माहीत आहे.

मागच्या रविवारी मी खाली गेले. मुलं नुकतीच शिकून गेली होती, सतरंजीवर खडूचे तुकडे पडले होते. मी बसले आणि सांगितलं. मनातल्या मनात बरीच तयारी केली होती, पण सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काकू खडू गोळा करत होत्या, त्या करत राहिल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. सगळे खडू डबीत भरून झाल्यावर म्हणाल्या, "मग खरी कुठली आली होती?"

मी स्टुलावर चढून पुस्तक काढलं. पान शोधायला लागलं नाही. उजवं पान, खाली. या वेळी जे होतं ते वाचलं.

काकू ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "ही होय. ही तर पाठ आहे मला." मग खिडकीकडे, स्वतः छापलेल्या पडद्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात, "ही वाचली असतीस तर मी गेले असते गं."

बरं झालं असतं की वाईट, ते त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. दूध उतू जाईल म्हणून त्या आत गेल्या. पुस्तक माझ्याच हातात राहिलं. ते परत गुंडाळायचं की बाहेर ठेवायचं हे मला ठरवता येईना, आणि मग लक्षात आलं, की ते ठरवणं माझं नव्हतंच. मी ते सतरंजीवर ठेवलं आणि वर आले.

हे मंडळाच्या अंकात छापून येईल. काकू अंक पहिल्या पानापासून वाचतात, बाबाही. भजनाच्या बायकांनो, तुम्हीही वाचाल: ती ओळ कुठेच उमटली नव्हती. ती मी म्हटली होती.

तुमच्याकडून एकच हवं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. घरात कुणी, डोळे अधू झालेलं किंवा अक्षर न येणारं, तुमच्यापुढे काही धरेल — पोथी, पत्र, डॉक्टरांचा कागद, काहीही — आणि वाच म्हणेल. लिहिलंय ते वाचा. पटत नसलं, राग आला, तरी आधी लिहिलंय ते वाचा, शेवटच्या शब्दापर्यंत. मग ते मिटून खाली ठेवा. आणि मग, हवं तेवढं, स्वतःच्या आवाजात भांडा.